विश्लेषण : प्रोस्टेटचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला, पण चित्र स्पष्ट होते का?

साठी ओलांडलेल्या गृहस्थांचा पीएसए वाढलेला निघतो. युरॉलॉजिस्ट प्रोस्टेटचा एमआरआय करायला सांगतात. दोन दिवसांनी रिपोर्ट हाती येतो आणि घरातले सगळे थेट शेवटच्या ओळींकडे वळतात. तिथे ‘पाय-रॅड्स २’ असे लिहिलेले असते. म्हणजे गंभीर कर्करोगाची शक्यता कमी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, रिपोर्ट फाइलला लागतो.

या सगळ्यात एक प्रश्न बहुतेकदा कोणीच विचारत नाही. ज्या चित्रांवरून हा निष्कर्ष काढला, ती चित्रे निष्कर्ष काढण्याजोगी होती का? धूसर, वाकडे किंवा जाड कापांचे चित्र पाहून ‘काही दिसत नाही’ म्हणणे वेगळे आणि स्वच्छ चित्र पाहून ‘काही नाही’ म्हणणे वेगळे. रिपोर्टवर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणूनच प्रोस्टेटच्या प्रत्येक एमआरआय रिपोर्टमध्ये चित्राचा दर्जा लिहिणे बंधनकारक व्हायला हवे. त्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, शिस्त लागते.

एमआरआयला इतके महत्त्व कशामुळे आले?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते. पीएसए हे या ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. रक्तातले त्याचे प्रमाण कर्करोगात वाढते, तसेच साध्या वाढीत आणि जंतुसंसर्गातही वाढते. त्यामुळे पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असे नसते.

पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी होत असे. गुदाशयातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून दहा-बारा सुया घ्यायच्या. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातली गाठ बहुधा दिसत नाही. त्यामुळे सुई गाठीत जाईल की शेजारून, हे बरेचसे नशिबावर असे.

ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ या अभ्यासाने २०१७ मध्ये हे चित्र पालटले. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला. नंतर नेहमीची बायोप्सी आणि संपूर्ण ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरवर सुई घेणारी सखोल बायोप्सी, अशा दोन्ही झाल्या. सखोल बायोप्सी ही कसोटी धरली, तर उपचारांची गरज पडेल अशा कर्करोगांपैकी नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के पकडले, एमआरआयने ९३ टक्के.

पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ हा ११ देशांतील ५०० पुरुषांचा अभ्यास आला. आधी एमआरआय करून, संशयास्पद जागा दिसली तरच तिथे सुई घालण्याच्या पद्धतीत महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्के पुरुषांत. शिवाय एमआरआयच्या गटातील २८ टक्के पुरुषांची बायोप्सीच टळली. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने बायोप्सीच्या आधी एमआरआय करावा, अशी शिफारस केली. युरोपातील युरॉलॉजिस्टांच्या संघटनेची भूमिकाही तीच. आपल्याकडील मोठ्या शहरांतले युरॉलॉजिस्टही आता हाच क्रम पाळू लागले आहेत.

त्यातून एमआरआयची भूमिका बदलली. तो आता बायोप्सीचा दरवाजा उघडायचा की बंद ठेवायचा, हे ठरवतो. दरवाजावरच्या माणसाला नीट दिसते का, हे पाहण्याची गरज त्यामुळेच वाढली.

एक आकडा विसरू नये. ‘प्रॉमिस’मध्ये एमआरआयने संशय नाही असे सांगितलेल्या दर १०० पुरुषांपैकी सुमारे ८९ जणांत महत्त्वाचा कर्करोग नव्हता. उरलेल्या ११ जणांत होता. हे आकडे ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेल्या आणि प्रशिक्षित डॉक्टरांनी वाचलेल्या एमआरआयचे आहेत. चित्राचा दर्जा घसरला, तर हा भरवसाही घसरतो.

‘चांगले चित्र’ म्हणजे नेमके काय?

प्रोस्टेटचा एमआरआय म्हणजे एक फोटो नव्हे. त्यात तीन प्रकारची चित्रे असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते.

पहिला प्रकार ‘टी-२’. त्यात ग्रंथीची रचना दिसते. बाहेरचा भाग, आतला भाग, भोवतीचे आवरण. हा ग्रंथीचा नकाशाच म्हणा.

दुसरा प्रकार ‘डिफ्युजन’, म्हणजे विसरणाची चित्रे. पेशींच्या भोवती पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने फिरतात, हे त्यात दिसते. कर्करोगाच्या गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला हलायला जागा कमी मिळते आणि ती जागा वेगळी उठून दिसते. ग्रंथीच्या बाहेरच्या भागातला कर्करोग ओळखताना रेडिऑलॉजिस्टची मुख्य भिस्त याच चित्रांवर असते.

तिसरा प्रकार कॉन्ट्रास्टचा. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन, ते ग्रंथीत कसे पसरते, हे काही सेकंदांच्या अंतराने टिपले जाते.

ही चित्रे कशी काढायची आणि वाचायची, याचे आंतरराष्ट्रीय निकष म्हणजे ‘पाय-रॅड्स’. त्याची सध्याची २.१ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. रुग्णाला त्यातला एक ते पाच हा आकडाच माहीत असतो. एक म्हणजे शक्यता अगदी कमी, पाच म्हणजे अगदी जास्त. पण याच निकषांचा मोठा भाग चित्र कसे काढावे, याबद्दल आहे. टी-२ चे काप तीन मिलिमीटर जाडीचे आणि मध्ये जागा न सोडता घेतलेले असावेत. डिफ्युजनचे काप चार मिलिमीटरहून जाड नसावेत. त्या चित्रांत ‘बी-व्हॅल्यू’ किमान १४०० असावी. कॉन्ट्रास्टची चित्रे १५ सेकंदांत किंवा त्याहून कमी अंतराने यावीत. रिपोर्टात पाय-रॅड्सचा आकडा लिहायचा आणि त्यासाठी लागणारे चित्र काढण्याचे नियम मात्र पाळायचे नाहीत, हे मोजपट्टी न लावताच उंची लिहिण्यासारखे झाले.

चित्र बिघडते कशामुळे?

बहुतेक कारणे अगदी साधी आहेत.

सर्वात मोठा खलनायक म्हणजे गुदाशयातील वायू. प्रोस्टेटची मागची बाजू गुदाशयाला चिकटून असते आणि सुमारे ७० टक्के कर्करोग ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होतात. त्याचा मोठा हिस्सा गुदाशयाच्या बाजूलाच असतो. हवा आणि शरीराची ऊती एकमेकांना भिडतात, तिथे चुंबकीय क्षेत्र विस्कटते. डिफ्युजनची चित्रे ज्या वेगवान तंत्राने काढतात, त्याची मूळ कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मॅन्सफील्ड यांची. त्यांना २००३ मध्ये एमआरआयसाठीच नोबेल मिळाले. हे तंत्र जितके वेगवान, तितकेच अशा विस्कटीला हळवे. परिणामी जिथे कर्करोग शोधायचा, नेमकी तीच जागा ताणलेली, वाकलेली किंवा पांढऱ्या पट्ट्याखाली झाकलेली दिसते. तपासणीपूर्वी शौचास जाऊन येणे, गरजेनुसार छोटा एनिमा घेणे किंवा वायू फारच असेल तर बारीक नळीने तो काढणे, एवढ्यावर अनेकदा काम भागते.

दुसरे कारण हालचाल. रुग्ण हलला की चित्र हलते, हे समजण्यासारखे आहे. पण रुग्ण निश्चल पडून असला, तरी आतडी हलतच असतात. त्यासाठी काही केंद्रे आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबवणारे इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना ते चालतेच असे नाही, म्हणून आधी विचारावे लागते.

तिसरे कारण धातू. खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बिघडते आणि सर्वाधिक फटका पुन्हा डिफ्युजनच्या चित्रांना बसतो. अशा वेळी तंत्रज्ञाला चित्रणाची पद्धत बदलावी लागते. हे त्याला तपासणीच्या टेबलावर कळून उपयोग नाही, अपॉइंटमेंट घेतानाच कळायला हवे.

चौथे कारण आपल्याकडे विशेष दिसते. आधी बायोप्सी आणि मग एमआरआय, असा उलटा क्रम. सुया टोचल्यावर ग्रंथीत रक्त साचते आणि ते आठवडेच्या आठवडे राहते. या रक्तामुळे कर्करोग झाकला जातो किंवा नसलेला भासतो. म्हणून बायोप्सीनंतर किमान सहा आठवडे थांबण्याचा विचार व्हावा, असे पाय-रॅड्सचे निकष सांगतात. बायोप्सी होऊन दहा दिवस झालेल्या रुग्णाचा एमआरआय उरकून टाकला, तर त्यातून काय हाती लागणार?

पाचवे कारण वेळ. तिन्ही प्रकारची चित्रे नीट काढायला ३० ते ४० मिनिटे लागतात. बाहेर रुग्णांची रांग असते, यंत्राचा हप्ता चालू असतो. काप जरा जाड घेतले, मध्ये थोडी जागा सोडली, तर दहा मिनिटे वाचतात. एवढ्याने चित्र वाईट दिसत नाही. पण पाच-सहा मिलिमीटरची गाठ दोन कापांच्या मध्ये हरवू शकते.

चित्र बिघडले तर रुग्णाचे काय बिघडते?

नुकसान दोन्ही बाजूंनी होते.

पहिली बाजू उघड आहे. असलेला कर्करोग दिसत नाही. रिपोर्ट ‘२’ येतो, बायोप्सी टळते, पुढचा पीएसए वर्षभराने होतो आणि त्या वर्षात आजार हाडांपर्यंत पोहोचू शकतो. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा संथ असतो हे खरे, पण सगळेच संथ नसतात. आक्रमक प्रकार वेळेत शोधण्यासाठीच तर हा खटाटोप.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. चित्र धूसर असले की डॉक्टरलाही खात्री वाटत नाही. मग ‘पाय-रॅड्स ३’ हा मधला, सावध आकडा पडतो. ‘तीन’ म्हणजे सांगता येत नाही. त्यातून नको असलेली बायोप्सी, तिच्यातून येणारा रक्तस्राव किंवा संसर्ग आणि अनेक रात्रींची झोप उडणे. काही वेळा अशा बायोप्सीत निरुपद्रवी, संथ कर्करोग सापडतो आणि ज्याला आयुष्यभर त्रास झाला नसता, त्याची शस्त्रक्रिया होते. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, ही या शस्त्रक्रियेची संभाव्य किंमत आहे. ‘एकदा तपासून घेतलेले बरे’ हे म्हणणे म्हणूनच दिसते तितके निरुपद्रवी नाही.

दर्जा मोजता येतो का?

येतो. ‘प्रिसिजन’ अभ्यासातील संशोधकांनीच २०२० मध्ये ‘पाय-क्वॉल’ नावाची गुणपद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी आपल्याच अभ्यासातील २२ केंद्रांतून ५८ एमआरआय निवडून तपासले. टी-२ ची चित्रे ९५ टक्के तपासण्यांत निदानाच्या दर्जाची होती. डिफ्युजनची ७९ टक्के तपासण्यांत. कॉन्ट्रास्टची केवळ ६६ टक्के. हे आकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी झालेल्या, म्हणजे या कामात रस आणि अनुभव असलेल्या केंद्रांचे आहेत. तिथे ही स्थिती असेल, तर रोजच्या धबडग्यात चालणाऱ्या केंद्रांची कशी असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पाय-क्वॉलमधले सर्वात उपयोगी तत्त्व साधे आहे. मूळ पद्धतीत एक ते पाच गुण होते. एक किंवा दोन गुण मिळाले, तर त्या चित्रांवरून कर्करोग आहे असेही सांगता येत नाही आणि नाही असेही सांगता येत नाही. तीन गुण मिळाले, तर जे दिसते त्यावर विश्वास ठेवता येतो, पण ‘काही नाही’ असे ठामपणे म्हणता येत नाही. चार किंवा पाच गुण असतील तरच दोन्ही बाजूंनी बोलता येते.

सर्वसामान्य वाचकाने हा फरक लक्षात ठेवायला हवा. मध्यम दर्जाच्या चित्रात गाठ दिसली, तर ती बहुधा खरी. पण मध्यम दर्जाच्या चित्रात गाठ दिसली नाही, तर तो पुरावा ठरत नाही. ‘नॉर्मल’ रिपोर्टला चांगल्या चित्राची गरज सर्वात जास्त असते आणि नेमका तोच रिपोर्ट आपण कुठलीही शंका न घेता स्वीकारतो.

पाय-क्वॉलची दुसरी, सुटसुटीत आवृत्ती २०२४ मध्ये आली. आता तीनच पायऱ्या आहेत : अपुरा, स्वीकारार्ह आणि उत्तम. या पद्धतीतही उणिवा आहेत. दोन तज्ज्ञांनी दिलेले गुण दर वेळी जुळतात असे नाही. पण दर्जा अचूक मोजता येत नाही म्हणून तो लिहायचाच नाही, हे काही उत्तर नव्हे.

तीन टेस्लाचे यंत्र असले की झाले?

‘आमच्याकडे तीन टेस्लाचे यंत्र आहे’ अशी जाहिरात अनेक केंद्रे करतात. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक. ताकद जास्त, तर चित्र अधिक स्पष्ट होण्याची संधी जास्त, हे खरे. पण ती संधी असते, हमी नसते. जास्त ताकदीच्या यंत्रात गुदाशयातील वायूचा आणि धातूचा उपद्रवही जास्त होतो. ज्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने एमआरआयला प्रतिष्ठा मिळवून दिली, तो दीड टेस्लाच्या यंत्रांवर झाला होता. पाय-रॅड्सचे निकषही दोन्ही प्रकारची यंत्रे चालतील असेच सांगतात, तीनला पसंती देऊन. तेव्हा चांगला तंत्रज्ञ आणि नीट बसवलेली पद्धत असलेले सांगली किंवा अकोल्यातले दीड टेस्लाचे केंद्र, घाईत चालणाऱ्या महानगरी तीन टेस्लापेक्षा सरस ठरू शकते.

कॉन्ट्रास्टचेही तसेच. ‘प्राइम’ या १२ देशांतील ४९० पुरुषांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या एमआरआयमध्येही महत्त्वाचे कर्करोग तितकेच, म्हणजे दोन्ही पद्धतींत सुमारे २९ टक्के पुरुषांत सापडले. वेळ १५ ते २० मिनिटांवर येतो, इंजेक्शन टळते, खर्च घटतो. आपल्यासारख्या देशासाठी ही मोठी बातमी आहे. पण संशोधकांनी निष्कर्षाला एक अट जोडली आहे : चित्राचा दर्जा पुरेसा असेल तर. या अभ्यासात केंद्रांची चित्रे तपासून मगच त्यांना सहभागी करून घेतले होते. आपण त्यातला ‘कॉन्ट्रास्ट नको’ एवढा भाग उचलला आणि अट विसरलो, तर स्वस्तात वाईट एमआरआय करण्याचा परवानाच मिळेल. कॉन्ट्रास्ट काढून टाकला की सगळा भार उरलेल्या दोन चित्रांवर येतो. त्यांतले डिफ्युजनचे चित्रच बिघडलेले असेल, तर सावरून घ्यायला तिसरे नसते.

‘एआय’ हा प्रश्न सोडवेल का?

थोडा सोडवेल, सगळा नाही. नेदरलँड्स आणि नॉर्वेतील दहा हजारांहून अधिक एमआरआय वापरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२४ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली ६२ रेडिऑलॉजिस्टांच्या सरासरी कामगिरीपेक्षा सरस ठरली. रुग्णाची पूर्ण माहिती हाताशी ठेवून रुग्णालयात झालेल्या प्रत्यक्ष वाचनाशी तुलना केली, तेव्हा मात्र तिला बरोबरी सिद्ध करता आली नाही.

पण वाचणारा माणूस असो की यंत्र, तो समोरचे चित्रच वाचतो. वायूमुळे वाकलेल्या भागात माहितीच उरलेली नसेल, तर ती कुठलीही प्रणाली परत आणू शकत नाही. चित्र झटपट काढून ते गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअरही आता यंत्रांसोबत येतात. त्यांचा फायदा आहे, पण चित्र देखणे दिसणे आणि खरे असणे यांत अंतर असते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे यावर कोणाचे नियंत्रण आहे?

एक्स-रे, सीटी आणि पेट स्कॅनच्या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते, कारण त्यांत किरणोत्सर्गाचा प्रश्न येतो. एमआरआयमध्ये तसा किरणोत्सर्ग नसतो. त्यामुळे तो या चौकटीत येत नाही. ‘एनएबीएच’चे मानांकन आहे, पण ते ऐच्छिक आहे. प्रोस्टेटचा एमआरआय किती जाडीच्या कापांनी काढला, चित्र वापरण्याजोगे होते का, हे बाहेरून कोणी तपासत नाही. रुग्णाला ते कळत नाही आणि पाठवणारा डॉक्टर अनेकदा फिल्म उघडूनही पाहत नाही.

याला पर्याय आहे, हे स्तनांच्या मॅमोग्राफीने दाखवले आहे. अमेरिकेने १९९२ मध्ये मॅमोग्राफीच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा केला. यंत्र, तंत्रज्ञ, डॉक्टर आणि चित्रे यांची तपासणी झाल्याशिवाय तिथे केंद्राला काम करता येत नाही. प्रोस्टेटच्या एमआरआयसाठी तिथे असा कायदा नाही, पण अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी ठरावीक निकष पाळणाऱ्या केंद्रांना वेगळी मान्यता देते. युरोपातील तज्ज्ञांनीही चित्राचा दर्जा तपासून तो रिपोर्टात नोंदवावा, यावर २०२० मध्येच एकमत नोंदवले आहे.

आपल्याकडे लगेच कायदा येईल, अशी अपेक्षा नाही. पण तीन गोष्टी आजही करता येतील.

एक, रिपोर्टच्या वरच्या भागात एक ओळ : चित्राचा दर्जा अपुरा, स्वीकारार्ह की उत्तम आणि कमी असल्यास कशामुळे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने ठरवले, तर यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

दोन, दर्जा अपुरा असेल तर पाय-रॅड्सचा आकडा लिहू नये. बिघडलेला भाग ठरावीक दिवसांत, जादा पैसे न घेता पुन्हा काढून द्यावा. खरी अडचण इथेच आहे. ‘चित्र नीट आले नाही’ असे लिहिणाऱ्या केंद्राकडे रुग्ण पैसे परत मागतो आणि पाठवणारा डॉक्टर पुढचा रुग्ण दुसरीकडे पाठवतो, अशी भीती असते. रुग्ण कुठे जाणार हे अनेक ठिकाणी दर्जापेक्षा ‘कट’वर ठरते, हेही उघड गुपित आहे. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये राज्यात तयार झाला होता. प्रामाणिकपणे उणीव लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, अशी व्यवस्था हवी.

तीन, पैसे देणाऱ्याने दर्जा मागावा. सरकारी रुग्णालयांत खासगी भागीदारीतून चालणारी केंद्रे, शासकीय आरोग्य योजना, विमा कंपन्या हे सगळे प्रत्येक स्कॅनमागे पैसे मोजतात. निविदेत किंवा करारात कापांच्या जाडीपासून दर्जाच्या नोंदीपर्यंतच्या अटी घालणे आणि दर महिन्याला काही एमआरआय काढून त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासून घेणे अवघड नाही.

‘आधी एमआरआय तरी मिळू द्या’

यावर एक आक्षेप हमखास येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआयसाठी आठवडे थांबावे लागते, गावातल्या माणसाला शहरात येण्याचे भाडे परवडत नाही, तिथे दर्जाच्या गप्पा कशाला?

आक्षेप खोटा नाही. पण कामाचा दिवस बुडवून, उसने पैसे घेऊन, एसटीने शंभर किलोमीटर आलेल्या माणसालाच वाईट एमआरआय सर्वात महाग पडतो. मुंबई-पुण्यातला रुग्ण दुसरे मत घेतो, पुन्हा स्कॅन करतो. गावाकडच्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. शिवाय सांगितलेल्या सुधारणा फारशा खर्चाच्या नाहीत. एनिमा काही रुपयांचा असतो. योग्य पद्धत यंत्रात एकदा बसवली, की ती रोज चालते. तंत्रज्ञाचे प्रशिक्षण हा खर्च आहे, पण यंत्राच्या कोटींच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

आणि ही गरज वाढतच जाणार आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षाला प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळतात. जगात २०२० मधील १४ लाखांवरून ही संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल, असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला. त्यातली वेगवान वाढ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असेल. आयुर्मान वाढते आहे, हे त्याचे मुख्य कारण.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे?

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा : बायोप्सी झाली आहे का आणि कधी, खुब्याचा सांधा बदलला आहे का, पेसमेकर किंवा शरीरात कुठला धातू आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का.

पोटाच्या तयारीबद्दल विचारा. केंद्राने काहीच सांगितले नाही, तरी तपासणीपूर्वी शौचास जाऊन या. एनिमा किंवा कुठलेही औषध मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

फक्त फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर डिफ्युजनची चित्रे टिकलीएवढी छापलेली असतात आणि कमी-जास्त उजेडात पाहता येत नाहीत. मूळ डिजिटल चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. दुसरे मत घ्यायचे असेल किंवा एमआरआयच्या आधारे नेमकी बायोप्सी करायची असेल, तर तीच लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून कोणीही खात्रीचे मत देऊ शकत नाही.

रिपोर्ट हाती आल्यावर तीन गोष्टी पाहा : चित्राच्या दर्जाबद्दल काही लिहिले आहे का, ग्रंथीचे आकारमान दिले आहे का आणि पाय-रॅड्सची आवृत्ती कोणती. आकारमानाने पीएसएला भागले की ‘पीएसए घनता’ मिळते. ती साधारण ०.१५ च्या वर असेल, तर एमआरआय ‘नॉर्मल’ असूनही डॉक्टर बायोप्सीचा विचार करू शकतात. घरात वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल, तर तेही सांगा.

आणि युरॉलॉजिस्टना एक प्रश्न नक्की विचारा : ‘डॉक्टर, या एमआरआयची चित्रे तुम्ही स्वतः पाहिलीत का? ती भरवशाची आहेत का?’ या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पीएसए वाढतच राहिला, तर ‘गेल्या वर्षी एमआरआय नॉर्मल होता’ म्हणून गप्प बसू नका. रक्ताच्या तपासणीचा नमुना खराब झाला, तर प्रयोगशाळा तसे कळवते आणि नमुना पुन्हा मागते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. खराब झालेल्या एमआरआयबाबतही तेवढाच सरळ व्यवहार रुग्णाला मिळायला हवा.